नाव एकाचं, साचा दुसऱ्याचा: गिटारची कस्टम केस कुणाकडून घ्यावी?

गिटारची कस्टम केस, म्हणजे तिच्या मापाने बनवलेली कडक पेटी, करून घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी रंग, अस्तर आणि कड्या निवडायला बसतात. खरा निर्णय त्याच्या आधीचा आहे: पैसे कुणाच्या हातात द्यायचे? या धंद्यात ब्रँडचं नाव, फायबरग्लासचे साचे आणि प्रत्यक्ष काम करणारा कारागीर हे तिन्ही एकाच छपराखाली असतीलच असं नाही. कारागीर ब्रँडचं नाव मालकाच्या परवान्यावर वापरत असतो आणि काम सुरळीत चालू असतं तोवर हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. करार संपला किंवा फिसकटला की नाव मालकाकडे परत जातं, साचे मात्र अनेकदा ज्याने केले त्याच्याच कारखान्यात राहतात. मग तो त्याच साच्यातून तशीच केस दुसऱ्या नावाने विकू लागतो आणि मूळ नाव भलत्याच गावात नव्या साच्यांवर सुरू होतं. दोन्हीकडचे फोटो सारखेच दिसतात.

कॅल्टन हे नाव घ्या. इंग्लंडमध्ये कीथ कॅल्टन यांनी या फायबरग्लास केस सुरू केल्या, पुढे कॅनडातल्या कॅलगरीत त्या परवान्यावर बनल्या आणि आज हे नाव टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये आहे. म्हणजे जुन्या बाजारात या एकाच नावाच्या तीन देशांतल्या केस भेटतात. जुनी घेताना ब्रँडपेक्षा ‘कुठे आणि कधी बनली’ हे विचारावं. बिजागरी किंवा कडी बदलायची वेळ आली की सुटे भाग त्यावरच ठरतात.

नवी घेणाऱ्यापुढे चार प्रकारचे विक्रेते असतात: नावाचा मालक किंवा त्याचा चालू परवानाधारक, परवाना संपलेला जुना कारागीर, ‘अमक्या स्टाइलची’ म्हणून विकणारा तिऱ्हाईत, आणि कारखान्यातली तयार केस.

पैसा आणि प्रतीक्षा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, केसच्या दर्जात नाही. हातकामाच्या केससाठी सहा महिने ते वर्षभर थांबणं नवलाचं नाही आणि आगाऊ रक्कम पहिल्या दिवशी जाते. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर तक्रार करायची मुदत पैसे दिल्यापासून १८० दिवस आहे. नऊ महिन्यांचा वायदा असेल तर केस यायच्या आधीच ते संरक्षण संपलेलं असतं. विक्रेता लबाड असायची गरजच नाही. परवान्याचा वाद मध्येच उपटला, नाव वापरायला बंदी आली, की काम थांबतं आणि आगाऊ रक्कम अडकते.

चालू परवानाधारकाच्या बाबतीत हा धोका कराराच्या मुदतीएवढाच असतो, म्हणून मुदत विचारायची. परवाना संपलेल्या कारागिराला नावाची टांगती तलवार नसते, पण त्याच्या मागे भरपाई द्यायला दुसरं कुणी उभंही नसतं. तिऱ्हाइताकडे पूर्ण रक्कम आधी द्यायचा प्रश्नच येऊ नये. तयार केसला यातलं काहीच लागू नाही: पैसे द्या, घेऊन जा.

हप्ते असे पाडावेत: ऑर्डरच्या वेळी जास्तीत जास्त ३० टक्के, बाकीचे तयार केसचे उघडे-बंद फोटो आणि अनुक्रमांक हाती आल्यावर. रक्कम क्रेडिट कार्डानेच द्यावी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टचं कलम ७५ कामी येतं. वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर फक्त आगाऊ रक्कम कार्डाने दिली असली तरी कार्ड कंपनी संपूर्ण व्यवहाराला विक्रेत्याइतकीच जबाबदार राहते. अमेरिकेत विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीत माल पाठवायचा असतो, मुदत सांगितलीच नसेल तर ३० दिवसांत. उशीर झाला तर ऑर्डर रद्द करून पैसे परत घ्यायचा पर्याय त्याने गिऱ्हाइकाला द्यावाच लागतो. म्हणून ‘साधारण पुढच्या वर्षी’ हे उत्तर घेऊ नये, तारीख लेखी मागावी. भारतात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता भारतातला असेल तर त्याचा उपयोग आहे. परदेशी कारागिराकडून आदेशाची वसुली करणं ही वेगळीच वणवण.

परवाना खरा की सांगोवांगी

वाद्यांच्या केस ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत वाद्यांसोबतच, १५व्या वर्गात येतात. त्या त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाच्या साइटवर ब्रँडचं नाव या वर्गात फुकट शोधता येतं. तिथे तीन गोष्टी बघायच्या: मालक कोण, नोंदणी जिवंत आहे का, आणि मालकी हस्तांतरित झाल्याची नोंद आहे का. नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क) कुणीही लावू शकतो. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीशिवाय लावणं भारतात १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली गुन्हा आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. परवानाधारकाचं नाव नोंदवहीत नाही म्हणजे तो खोटा, असं नसतं. भारतात ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ म्हणून नाव घालणं ऐच्छिक आहे, लेखी करारावरही वापर वैध ठरतो. म्हणून विक्रेत्यालाच सरळ लिहावं: “ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे? तुमचा परवाना कोणत्या देशांसाठी आणि कधीपर्यंत आहे? वॉरंटी मालक देतो की तुम्ही? करार मध्येच संपला तर माझ्या अर्धवट ऑर्डरचं काय?” शेवटच्या प्रश्नाला मिळणारं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. शिवाय मालाची तपासणी मालकाकडून कोण करतं, हेही विचारावं. अमेरिकी कायद्यात परवाना देऊन दर्जावर लक्ष न ठेवणाऱ्या मालकाचा ट्रेडमार्कवरचा हक्कच धोक्यात येतो, त्यामुळे खऱ्या परवान्यात तपासणीची अट सहसा असते. ‘आम्हीच बघतो’ एवढंच उत्तर आलं तर पुढे खोदून विचारावं.

बिनपरवाना म्हणजे बेकायदा, हेही खरं नाही. कुंपण प्रामुख्याने नावाला असतं. केसचा आकार गिटारच्या आकारावरून ठरतो आणि खुद्द गिटारच्या आकाराचीच मालकी सांगणं सोपं नाही: २००९मध्ये अमेरिकेतल्या ट्रेडमार्क अपील मंडळाने फेंडर या गिटार कंपनीला तिच्या स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस या वाद्यांच्या अंगाकृतीवर नोंदणी नाकारली. भारतात नोंदवलेल्या डिझाइनचं संरक्षणही १० अधिक ५ वर्षांचंच. तेव्हा जुन्या कारागिराने आपल्या नावाने तशीच केस केली तर ती चोरी ठरत नाही. त्याने जुना लोगो ठोकला की चित्र बदलतं. गिऱ्हाईकही कधी कधी स्वतःच गिटार कंपनीचा लोगो झाकणावर रंगवून मागतात. चांगला कारागीर नकार देतो. जो लगेच ‘हो’ म्हणतो, तो इतर बाबतींतही असाच सैल असण्याची शक्यता धरावी.

केस स्वतः

फायबरग्लासच्या चांगल्या केसची भिंत ३ मिलिमीटरच्या आसपास असते. झाकण आणि तळ अॅल्युमिनियमच्या पट्टीत एकमेकांत बसतात. कड्या पाच-सहा असतात आणि बिजागऱ्यांच्या रिव्हेटला आतून वॉशर असतो. स्वस्त नक्कल बाहेरून हुबेहूब दिसते, पण वॉशर नसतो. दोन-चार प्रवासांत रिव्हेट फायबर फाडून बाहेर येतो. दुसरी खूण वास. पॉलिस्टर रेझिन नीट पक्कं झालं नसेल तर स्टायरिनचा उग्र दर्प येत राहतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक जुन्या पद्धतीचं पॉलिश) असलेल्या गिटारला विनाइल किंवा रबरही चालत नाही. गिटार टेकते त्या आधारावर तसं अस्तर असेल तर लॅकर मऊ पडून चिकटतं. ऑर्डरमध्ये ‘विनाइल, रबर नको’ असं लिहून द्यावं.

तयार केसमध्ये इंग्लंडची हिस्कॉक्स हा वेगळ्या घडणीचा पर्याय: बाहेर प्लॅस्टिकचं कवच, आत फोम, कडेला अॅल्युमिनियम. ती हलकी आणि स्वस्त आहे, पण ठरावीक मापांतच मिळते. ड्रेडनॉट या मोठ्या अंगाच्या अकूस्टिक गिटारचं रूढ माप (खालचा फुगवटा ३९७, वरचा २९२, अंगाची लांबी ५०८, शेपटाकडे जाडी १२४ मिलिमीटर) तुमच्या गिटारला जुळत असेल आणि वर्षातून दोनदाच विमान चढायचं असेल, तर कस्टमचा खर्च हौसेचाच म्हणावा लागेल. आर्चटॉप (कमानदार फळीची गिटार), हार्प गिटार (जास्तीच्या तारांची), जाड अंगाची बारा तारी किंवा एकाच कारागिराने केलेलं अनवट वाद्य असेल तर मात्र कस्टमला पर्याय नाही. सतार-तंबोऱ्याचं तर हे जन्मजात दुखणं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, पण ते वाद्याला आहे, पेटीला नाही. पेटीवर कुणी ‘मिरज जीआय’ छापलं तर त्याला अर्थ नाही.

परदेशातून मागवताना एक बारकावा. सुटी आलेली केस सीमाशुल्कात ४२०२ या शीर्षकाखाली, बॅगा-पेट्यांबरोबर मोजली जाते. गिटार आतच ठेवून आलेली केस वर्गीकरणाच्या नियम ५(अ)नुसार वाद्यासोबत मोजली जाते. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून घेत असाल तर एकत्र मागवण्याचा हिशेब करून बघावा.

टीएसए कुलपावर (अमेरिकी विमानतळ सुरक्षा यंत्रणेला मास्टर किल्लीने उघडता येणाऱ्या कुलपावर) जास्त पैसे घालू नयेत. २०१५मध्ये त्याच्या मास्टर किल्ल्यांचे त्रिमितीय नमुने इंटरनेटवर आले, आता ते कुलूप फक्त झाकण बंद ठेवतं. वजन आणि मापावर लक्ष द्या. बऱ्याच विमान कंपन्यांची लांबी-रुंदी-उंचीची बेरजेची मर्यादा १५८ सेंटीमीटर आहे आणि ११० × ४५ × १८ सेंटीमीटरची केस १७३ भरते. अमेरिकी कंपन्यांना मात्र १५० इंच आणि १६५ पौंडांपर्यंतचं वाद्य चेक-इनमध्ये घ्यावं लागतं. त्याचं भाडं पडतंच.

केस हाती आली की कड्यांपेक्षा आधी हेडस्टॉकची, म्हणजे गिटारच्या खुंट्या असलेल्या डोक्याची, जागा तपासा. आधार नेकला (गिटारच्या मानेला) हवा, हेडस्टॉकचं टोक हवेत राहायला हवं. नाहीतर केस पाठीवर पडली की सगळा धक्का नटच्या (मान आणि डोकं जुळतं तिथल्या, तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) मागच्या नाजूक जागेवर येतो, आणि मागे कललेल्या महोगनी हेडस्टॉकच्या गिटारी तिथेच तुटतात. मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टोकाखाली ठेवा, झाकण लावून कड्या बंद करा, मग उघडून गोळ्याची जाडी मोजा. १२ मिलिमीटरहून कमी भरली तर गिटार बाहेर काढा, गोळ्याशेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, आणि उरलेले पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका.