दोन हजारांत आधी काय घ्यावं: लाल सिलिंडर, वाळूची बादली की पाण्याचा ड्रम?

चुलतभावाचा फोन आला तेव्हा त्याच्या पुढच्या खोलीत वीस क्विंटल कापूस भावाची वाट पाहत पडला होता. मागे गोठा, गोठ्याला लागून सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), आणि कुटाराच्या पलीकडं चुलीसाठी रचून ठेवलेली पऱ्हाटी-तुराटी (कापसाची आणि तुरीची वाळकी झाडं). आपल्या विदर्भात जळण्यासारखं जे जे पिकतं ते सगळं एकाच वाड्यात. तालुक्याच्या दुकानात त्याला आग विझवायचं लाल सिलिंडर दाखवलं होतं. "दोन हजार म्हणते दुकानवाला. घेऊ का? का भितीले टांगून ठेवाचं नुसतं?"

तेव्हा मी त्याला अर्धवटच उत्तर दिलं. नंतर सगळे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, ते इथं लिहितो. ज्यांच्या घरात कापूस भरलेला आहे आणि ज्यांच्या नाही, त्यांची उत्तरं वेगळी निघतात, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडं अग्निशमन दल म्हणजे तालुक्याच्या नगर परिषदेची एखाद-दुसरी गाडी. १०१ लावा किंवा ११२ लावा, गाडी निघते. पण मधे पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता असतो, आणि गावात शिरताना बैलबंडी, बांधकामाची गिट्टी, मांडवाचे खांब. अर्धा-पाऊण तास सहज जातो. तोवर कापसाची खोली राहत नाही. गाडी येते ती बहुतेक शेजारचं घर वाचवायला. म्हणून फोन पहिल्या मिनिटाला करायचा, 'आधी आपण पाहू, नाही जमलं तर बोलावू' असं नाही. आणि गाडी येईपर्यंतच्या वेळासाठी घरात काय असावं, एवढाच या तुलनेचा विषय.

लाल सिलिंडर

दुकानात सर्रास मिळतो तो 'एबीसी' पावडरचा. 'ए' म्हणजे लाकूड, कापड, कागद, कुटार. 'बी' म्हणजे पेट्रोल-डिझेल. 'सी' म्हणजे गॅस. आतली पावडर मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ठिबकातून १२:६१:०० हे खत सोडणाऱ्याला हे नाव ओळखीचं वाटेल, कारण मूळ पदार्थ तोच. (म्हणून उरलेली पावडर ठिबकात सोडायची नाही. विझवायच्या पावडरीत ती पाणी धरू नये म्हणून वेगळे पदार्थ मिसळलेले असतात.)

याची जमेची बाजू खरी आहे. वायरिंगची ठिणगी, मोटारसायकलखाली सांडलेलं पेट्रोल, टीव्हीच्या मागचा बोर्ड, पेटलेला पडदा, यांवर पावडर काही सेकंदांत ज्वाळा मारते. विजेच्या आगीवर मारली तर पाण्यासारखा धक्का बसत नाही, तरी मेन स्विच आधी पाडायचाच. घरासाठी चार किलोचा पुरे. सहा किलोचा भरल्यावर नऊ-दहा किलोच्या आसपास जातो आणि घरातली म्हातारी माणसं, पोरं तो उचलतच नाहीत. बाटलीवर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस १५६८३ हा आकडा पाहायचा, दाबाच्या घड्याळाची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का पाहायचं. टांगायचा तो दाराजवळ. चुलीच्या किंवा गॅसच्या डोक्यावर टांगला, तर आग लागल्यावर त्याच्यापर्यंत हात कसा पोचणार?

आता उणी बाजू. चार किलोचा सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत रिकामा होतो. त्यामुळं मारायचा तो ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडावर, दोन-तीन मीटरवरून, आणि आपली पाठ दाराकडं ठेवून. पहिल्यांदाच पिन ओढणाऱ्याचे निम्मे सेकंद गोंधळात जातात. घ्यायचाच असेल तर घरातल्या दोघांना तरी दुकानातच पिन आणि दांडा नीट समजावून घ्या.

आणि कापसावर तो अर्धाच चालतो. पावडर ज्वाळा मारते, थंड करत नाही. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत, ढिगाच्या पोटात, लाल किडा चालत राहतो. रात्री सगळे झोपल्यावर तोच वर येतो.

कापसाचा हा गुण मुंबईनं फार महागात पाहिला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापसाच्या गाठी धुमसत होत्या आणि त्याच जहाजात स्फोटकं भरलेली होती. त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. आमच्याकडं १४ तारखेला गाव बाबासाहेबांच्या जयंतीत असतं, त्यामुळं सप्ताहाचा पहिला दिवस कोणाला आठवत नाही. पण पुढच्या सहा दिवसांत नगर परिषदेचे जवान शाळेत किंवा चौकात प्रात्यक्षिक करतात, तेव्हा सिलिंडर हातात घेऊन पाहायला फुकट मिळतो. ते सोडू नका.

सीओटू आणि वाळू

सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर संगणकाच्या खोलीसाठी, सेतू केंद्रासाठी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयासाठी ठीक. पावडरीसारखी घाण होत नाही. घरात मात्र तो घेऊ नये. महाग असतो, उघड्या अंगणात वाऱ्यानं गॅस उडून जातो, आणि लहान बंद खोलीत मारणाऱ्याचाच श्वास कोंडतो.

वाळूची बादली स्वस्त, सांडलेल्या डिझेलवर उत्तम. जुन्या सरकारी इमारतींत गोल बुडाच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. बूड गोल एवढ्याचसाठी की ती जमिनीवर उभी राहू नये आणि कोणी ती पाणी भरायला नेऊ नये. आपल्या घरी सपाट बुडाचीच असते, त्यामुळं महिनाभरात त्यातली वाळू प्लास्टरला जाते आणि बादली म्हशीपुढं. ठेवणार असाल तर ठेवा, पण भरवशाच्या यादीत मी ती धरत नाही.

पाणी, आणि पाठीवरचा पंप

कापूस, कुटार, पऱ्हाटी, कुडाचा ताटवा, लाकडी माळवद या सगळ्यांना लागतं ते पाणीच. प्रश्न एवढाच की ते आगीच्या वेळी हातात असतं का. "विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे ना" हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. पण शेतीच्या फीडरवर वीज दिवसा आठ तास, नाही तर पाळीनं रात्री, आणि आग काही वेळापत्रक पाहून लागत नाही. शिवाय आग लागली की पहिलं काम मेन पाडायचं, म्हणजे घरची मोटरही गेली. पाणी विजेविना मिळालं पाहिजे: दारापाशी दोनशे लिटरचा भरलेला ड्रम आणि दोन बादल्या, किंवा लोखंडी घोडीवर (स्टँडवर) पाण्याची टाकी असेल तर तिला एक इंची नळी.

आणि आपल्या प्रत्येकाकडं असलेली पण या कामी कोणाला न सुचणारी गोष्ट म्हणजे फवारणीचा बॅटरीपंप. सोळा लिटर पाणी, पाठीवर, एक हात मोकळा, विजेची गरज नाही. वणवा विझवणारे लोकही पाठीवरचे पाण्याचे पंप वापरतातच. मोठ्या ज्वाळेपुढं त्याची पिचकारी थिटी पडते, हे कबूल. पण धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) सरकती आग, कुटाराच्या कडेची ठिणगी, आणि कापूस उपसताना एकेक धुमसता पुंजका शोधून भिजवणं, यात तो बादलीपेक्षा सरस. पाण्यात मूठभर कपडे धुण्याची पावडर टाकली की पाणी कापसावरून घरंगळून न जाता आत मुरतं. एक अट: पंप तीन वेळा धुतलेला हवा. अनेक कीटकनाशकांत पेटणारं द्रावक असतं. त्याचा राहिलेला अंश आगीवर फवारला तर ती विझायच्या ऐवजी भडकेल, आणि त्याचा धूर नाकात जाईल तो वेगळाच.

ढीग नुसता वरून भिजवून चालत नाही. दाताळ्यानं कापूस बाहेर ओढायचा, अंगणात पसरायचा, भिजवायचा आणि रात्रभर एकानं जागायचं. खोलीत धूर कोंडलेला असेल तर मात्र आत शिरू नका. वीस क्विंटलसाठी माणूस गेलेला परवडत नाही.

पाणी कुठं नको? विजेवर, पेटलेल्या पेट्रोलवर आणि कढईतल्या तेलावर. कढई पेटली तर गॅस बंद आणि वर ताट. पावडरही नको, तिच्या जोरानं जळतं तेल ओट्यावर उडतं.

गॅस: घंटी की पाइप?

गॅस गळला की वाजणारी घंटी आता हजार-दीड हजारात मिळते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळं ती जमिनीपासून वीतभर-फूटभर उंचीवर लावायची. वर लावली तर ती उगाच शोभेची. धुराची घंटी चूल असलेल्या घरात सकाळ-संध्याकाळ बोंबलते आणि चौथ्या दिवशी कोणीतरी तिची बॅटरी काढून रिमोटात टाकतं. कापसाच्या खोलीत ती लावावीशी वाटते, पण तिथं धूळ आणि तंतूंनी ती चुकीची वाजते.

त्यापेक्षा गॅसचा नारिंगी सुरक्षा पाइप बदला. दोनेकशे रुपयांचं काम, आणि दर पाच वर्षांनी करायचंच. पाइपावर तारीख छापलेली असते. गॅसची टाकी घेताना वरच्या कड्याजवळच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल पाहा: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. मुदत उलटलेली टाकी परत करायचा हक्क आहे. वास आला की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, बटण चालू नाही आणि बंदही नाही, बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या नंबरला फोन.

टाकीच्या तोंडाशीच आग लागली तर जवान दाखवतात ती युक्ती लाल सिलिंडरपेक्षा आपल्या घराला जास्त जवळची आहे. गोधडी किंवा पोतं चिंब भिजवायचं, ढालीसारखं समोर धरून टाकीवर टाकायचं, आणि हात आत घालून रेग्युलेटर बंद करायचा. बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवण्याच्या भानगडीत पडू नका. ज्वाळा विझली आणि गॅस येतच राहिला तर तो खोलीभर साचतो, आणि मग एका ठिणगीचं काम. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

मग दोन हजार कुठं?

ज्या घरात कापूस भरलेला नाही, कुटार शेतात आहे, आणि स्वयंपाक गॅसवर होतो, त्यांनी चार किलोचा एबीसी घ्यावा आणि पाइप बदलावा. किराणा दुकानात बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्यांनाही मी हेच सांगितलं असतं. पण त्यांनी आधी ते विकणं बंद करावं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांचा हिशोब निराळा आहे. तिथं २००६ चा राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा लागतो, परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्यांनी माझ्यासारख्याला विचारू नये.

ज्याच्या घरात कापूस आहे त्यानं आधी ड्रम, नळी, दाताळं आणि गॅसचा पाइप घ्यावा. लाल सिलिंडर कापूस विकल्यावर. आणि तीन कामं बिनपैशाची: कापसाच्या खोलीतला बल्बचा होल्डर काढून दिवा खोलीबाहेर लावा, मोबाइल आणि बॅटरीपंप तिथं चार्जिंगला लावू नका, कुटाराचा ढीग गोठ्यापासून चांगला पन्नास-साठ फूट दूर हलवा. लक्ष्मीपूजनाची पणती उंबरठ्याबाहेर. विडी तर सांगायलाच नको, पण ती सांगूनही कोणी ऐकत नाही.

भावानं होल्डर काढला, पाइप बदलला आणि दारापाशी निळा ड्रम ठेवला. कुटार हलवायला मात्र अजून मुहूर्त नाही. परवा गेलो तर काकू त्याच ड्रमातून बैलांना पाणी पाजत होती. भाऊ चिडला होता, "आगीसाठी ठेवलं तं हे बैलाले पाजते!" मी म्हटलं पाजू दे. बैल पितात म्हणून तो रोज सकाळी भरला तरी जातो.