चिक स्टार्टर क्रंबल (लहान पिल्लांचं दाणेदार खाद्य, सुटं, किलोवर) – पिसं न भरणाऱ्या पिल्लासाठी, ४/५

आधी कोणासाठी घेतलं ते सांगते. जत्रेत रंग लावलेली पिल्लं विकतात ना, त्यातलं एक गुलाबी पिल्लू भाचीने हट्ट करून आणलं होतं. ही बहुतेक लेयर (अंड्यांसाठीच्या कोंबड्या) हॅचरीतली नर पिल्लं असतात, अंडी देणार नाहीत म्हणून कवडीमोलाने बाहेर पडतात. महिना उलटून गेला तरी याच्या पंखांना तेवढी पिसं, बाकी पाठ पोट उघडं, नुसती विटलेली गुलाबी लव. खरं तर पाच-सहा आठवड्यांत पिल्लू बऱ्यापैकी भरलेलं दिसायला पाहिजे.

खायला काय तर तांदळाची कणी नि मक्याचा भरडा, भाचीच्या घरी मोठ्या कोंबड्यांनाही तेच. आता पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, ८५-९० टक्के, आणि कणी-मक्यात ते जेमतेम ७ ते ९ टक्के. मोठी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरून किडे-गांडुळं खाते तेव्हा तिचं भागतं, खोक्यात बसलेलं पिल्लू काय उकरणार? स्टार्टरमध्ये प्रोटीन २०-२२ टक्के असतं आणि पिसांसाठी मुख्य लागणारं मेथिओनिनही (प्रोटीनचा एक घटक) वेगळं घातलेलं असतं. लेयरचं पिल्लू पहिल्या सहा आठवड्यांत सगळं मिळून किलो-सव्वा किलोच खातं, म्हणून एकदोन पिल्लांसाठी अख्खी गोणी घेऊ नका, सुटं घ्या.

रिझल्ट चांगला. थोड्याच दिवसांत पाठीवर निळसर नळ्या दिसायला लागल्या, मग त्या फुटून पिसं, आणि ती चक्क पांढरी कारण रंग फक्त लवेला होता! भाचीला वाटलं कोंबडी बदलली, रुसून बसली. या नळ्यांमध्ये रक्त असतं, ओढू नका, उचलताना पण जपून, तुटली तर रक्त येतं आणि बाकीची पिल्लं ते लाल दिसलं की टोचून टोचून हैराण करतात, तसं झालं तर ते पिल्लू लगेच वेगळं काढायचं.

पण सगळं क्रेडिट खाद्याला देणार नाही. उघड्या पिल्लाचं बरंचसं खाणं अंग गरम ठेवण्यातच जातं, ऊब नसेल तर वीस टक्केवालं खाद्यही कमी पडतं. भाचीच्या घरच्यांनी खोक्यावर एलईडी लावलेला, त्याचा उजेड पडतो ऊब नाही मिळत! जुना साठचा पिवळा बल्ब शोधून लावला. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ डिग्री लागतं, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी, पण पिल्लू मोठं असून उघडं असेल तर वयाचा हिशोब सोडा आणि त्याच्याकडे बघा, बल्बखाली आकसून बसलं तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकतंय तर बल्ब वर घ्या.

आता एक स्टार का कापला. माल चांगला आहे पण सुटं घेतलं की लेबल नाही, तारीख नाही. दुसऱ्या खेपेला दुकानातल्या पोराने बिनधास्त लेयर मॅश बांधून दिलं, वर म्हणतो 'ताई सेमच आहे'. सेम कुठलं! अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाच्या किडनीला ते झेपत नाही. शिंपल्याचे पांढरे खडे दिसले तर घेऊ नका, आणि गोणी दाखवायला सांगाच, चिक किंवा स्टार्टर छापलेलं असतं. कुबट वास आला तरी परत द्या, बुरशीचं खाद्य पिल्लाला मारतं. दुकानदार सोबत लिव्हर टॉनिक पण गळ्यात मारतात, मी नाही घेतलं आणि काही अडलं नाही.

आणि हो, प्रत्येक उघडं पिल्लू उपाशीच असतं असं नाही. काही जातींत पिसं मुळातच उशिरा येतात, उघड्या मानेच्या कोंबड्यांना तर मानेवर कधीच येत नाहीत, तिथे खाद्य बदलून काय होणार. आलेली पिसं गळत असतील तर पंखाखाली आणि शेपटीखाली उवा बघा, पिसांच्या बुडाशी पांढरी अंडी चिकटलेली दिसतात. शेजारच्या काकू रॉकेल लाव म्हणाल्या, ते कृपा करून करू नका, उघडी कातडी भाजते. रक्ताची हगवण किंवा पिल्लू सुस्त असेल तर खाद्याच्या दुकानात नाही, थेट गुरांच्या दवाखान्यात जा.

आमच्याकडे किलोला पन्नासच्या आसपास पडलं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मुंग्या फार लागतात.