द्राक्षबागेतून पाहिलेला ‘अर्क’चा अंदाज

द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी) झाली की आमच्या दिंडोरीकडे प्रत्येकाला एकच घोर: उद्या फवारणी घ्यायची की थांबायचं? कोवळं पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. गेल्या हंगामात मी रोज पहाटे हवामान विभागाचं ‘मौसमग्राम’ हे गावनिहाय अंदाजाचं संकेतस्थळ उघडून आमच्या गावाचा अंदाज पाहिला आणि बांधावरच्या पर्जन्यमापकाचा आकडा त्याच्याशेजारी वहीत लिहिला. हा अभिप्राय त्या वहीवरून.

आधी यामागचं यंत्र सांगतो, कारण फरक तिथेच पडलाय. हवामानाचं संगणकी मॉडेल पृथ्वीवर चौकोनांचं जाळं टाकून प्रत्येक चौकोनातल्या हवेचं गणित मांडतं. हे जाळं आधी १२ किमीचं होतं. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचं ६ किमीचं आहे. म्हणजे पूर्वी एका चौकोनात १४४ चौरस किलोमीटर, आता ३६. आमच्याकडे डोंगराकडेची गावं चिंब आणि पूर्वेचा मळा कोरडा, हे नेहमीचंच. मोठ्या चौकोनात दोघांची सरासरी निघायची आणि ती दोघांच्याही कामाची नसायची. पण बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट घ्यावे लागतात, गणित आठपट! त्यासाठी पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक आहे, ११.७७ पेटाफ्लॉपचा. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. २०१८ चा ‘प्रत्यूष’ ४ पेटाफ्लॉपचा होता.

मौसमग्रामवर पहिले ३६ तास तासातासाचा अंदाज मिळतो. माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं हेच. बाग पोंग्यात (नुकती फुटत) होती तेव्हा एका दिवशी दुपारी चारनंतर पाऊस दाखवत होता. आम्ही पहाटे पाचलाच ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला, सकाळी साडेनऊला शेवटची ओळ संपली. उन्हात औषध पानावर छान वाळलं. संध्याकाळी साडेपाचला सर आली, मापकात ११ मिमी. नुसतं ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ एवढंच हाती असतं, तर मी नेहमीसारखा दुपारून ट्रॅक्टर काढला असता आणि औषध धुऊन गेलं असतं.

उणीव आहे ती गडगडाटी पावसाची. ऑक्टोबरातल्या अशा ढगाचा गाभा जेमतेम दोन-चार किमीचा, तो ६ किमीच्या जाळीतून निसटणारच. त्यामुळे उकाड्याच्या दिवशी आकाश आणि रडार दोन्ही बघा, एकट्या आकड्यावर फवारणी टाकू नका. जाळं अजून बारीक व्हायला हवं, आणि त्यासाठी होणारा खर्च मला शेतकरी म्हणून पूर्ण पटतो.

पाचपैकी चार तारे. वही याही हंगामात चालू आहे. पेठच्या बाजूला ज्यांच्या बागा आहेत, त्यांनी आपापल्या मापकाचे आकडे जरूर लिहा; डोंगराकडेला अंदाज किती जुळतो ते मला पाहायचंय.