डिजिटल पियानो आणि शिकवणारं अ‍ॅप: नऊ-दहा महिने वापरल्यावर

पियानो घेण्याआधी मी जे अनुभव वाचले, ते जवळजवळ सगळे पहिल्या आठवड्यात लिहिलेले होते. पहिल्या आठवड्यात कुठलंही वाद्य छानच वाटतं. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर ते आपल्याला पुन्हा बसायला लावतं का, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी तेवढंच सांगणार आहे. माझ्याकडे 88 जड पट्ट्यांचा, मधल्या दर्जाचा डिजिटल पियानो आहे आणि सोबत वर्गणी भरून घेतलेलं एक शिकवणारं अ‍ॅप. वय चाळिशीच्या पुढचं. आधी थोडी पेटी वाजवली होती, त्यामुळे सूर ओळखीचे, पण डावा हात फक्त भात्यापुरता.

आधी पट्ट्यांबद्दल, कारण निम्मा हुरूप त्यांनीच टिकवला. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते. खर्जाकडच्या हातोड्या मोठ्या असतात, म्हणून तिकडच्या पट्ट्या जड लागतात आणि वर जावं तशा हलक्या होत जातात. या वाद्यात तो फरक बऱ्यापैकी उतरवला आहे. सुरुवातीला करंगळी आणि अनामिका लवकर दमायच्या. पण एकच स्वर बोटाच्या जोरावर हळू-मोठा करता येतो, ही गंमत अजून संपलेली नाही. इटलीतल्या क्रिस्टोफोरी या वाद्यकाराने 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पियानो घडवला तो याचसाठी. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्याच वाद्यावर बोटाच्या जोराने आवाज फारसा बदलत नसे. पाच स्वरांचा साधा सराव हळू, मग मोठा, मग चढत्या आवाजात वाजवत बसलं की वेळ जातो. साध्या कीबोर्डवर हाच सराव दोन दिवसांत कंटाळवाणा होतो.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. पियानो मी येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवला आहे, झाकण उघडं, हेडफोन कायम जोडलेले. आधी तो आतल्या खोलीत कापडाखाली होता. कापड काढा, वायर शोधा, खुर्ची ओढा, एवढ्यातच विचार बदलायचा. आता जाता जाता बसणं होतं, आणि पाच मिनिटांसाठी बसलेला माणूस सहसा पाच मिनिटांत उठत नाही. हेडफोनमुळे रात्री वाजवता येतं आणि चुका कोणाला ऐकू जात नाहीत. मोठ्या वयात शिकणाऱ्याला या दुसऱ्या सोयीची किंमत जास्त कळते.

आता अ‍ॅप. पहिले दोन-तीन महिने त्याने खरोखर मदत केली. पडद्यावर स्वर सरकत येतात, बरोबर वाजवलं की हिरवे होतात, रोज बसलात तर सलग दिवसांची साखळी वाढत जाते. पण या साखळीची एक खोड आहे. ती टिकवायला कुठलाही धडा चालतो, म्हणून दमलेल्या दिवशी हात आपोआप सोप्या, पाठ झालेल्या धड्याकडे जातो. अ‍ॅप शाबासकी देतं, शिकणं मात्र होत नाही. ज्या दिवशी साखळी तुटली, त्या दिवशी मला चक्क हलकं वाटलं.

शिवाय ते फक्त स्वर आणि वेळ तपासतं. यूएसबी वायरने जोडल्यावर मिडीतून, म्हणजे वाद्य आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेतून, प्रत्येक स्वराचा जोर 1 ते 127 अशा आकड्यांत जात असतो. म्हणजे मी किती हळुवार वाजवलं ही माहिती अ‍ॅपपर्यंत पोचते, पण ते तिकडे बघतच नाही. दगडासारखं बडवलं तरी पूर्ण गुण! आणि वायरशिवाय, मायक्रोफोनवर चालवायचं म्हटलं तर हेडफोन काढावे लागतात, हे वर्गणी भरण्याआधी लक्षात घ्या.

उत्साह खरा ओसरतो तो दोन्ही हात एकत्र यायला लागतात तेव्हा. तोवर प्रगती आठवड्याला दिसते, मग एकाएकी दिसेनाशी होते. माझी गाडी अडली ती जी मेजर या स्वरमालेतल्या प्रसिद्ध मिन्युएटवर, म्हणजे एका जुन्या नृत्याच्या धुनेवर. ही रचना वर्षानुवर्षं जर्मन संगीतकार बाखच्या नावावर खपली, पण ती क्रिस्टियान पेट्झोल्डची. 1725 साली सुरू झालेल्या, बाखची बायको आना माग्दालेना हिच्या वहीत ती उतरवलेली आहे, म्हणजे मुळात घरात वाजवण्याचीच चीज. सात बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) डावा हात बराचसा निवांत असतो. आठव्या बारमध्ये उजवा हात एका लांब स्वरावर थांबतो आणि डावा अचानक कामाला लागतो: एका ‘डी’वरून खालच्या सप्तकातल्या ‘डी’वर उडी, लगेच वर ‘सी’, मग ‘बी’, ‘ए’ असं उतरत पुढच्या ओळीत. नेमकं तिथे बोट चुकायचं, आणि अ‍ॅपवर पुन्हा सुरू केलं की पहिले पाढे पंचावन्न. पहिले सात बार घोटून गुळगुळीत झाले, आठवा होता तिथेच.

त्यावर उपाय साधा निघाला. अ‍ॅप बंद, पुस्तक समोर, पियानोतला मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय देणारी सोय, निम्म्या लयीवर, आणि फक्त तो एक बार. तो बसला की तो आणि नववा, मग सातवा-आठवा-नववा. जमलं नाही तरी दहा मिनिटांनी सोडून द्यायचं. हातांची शिकवण झोपेत पक्की होते, हे वाचलं होतं, इथे अनुभवलं. रात्री नाकारलेली उडी सकाळी पहिल्या फटक्यात लागते तेव्हा पुढच्या आठवड्याचा उत्साह तिथेच मिळतो. माझ्या मते अडलेली जागा छोटी करणं, एवढं एकच तंत्र टिकाऊ आहे. बक्षिसं, तक्ते, आठवण करून देणाऱ्या घंट्या या सगळ्यांचा परिणाम विरतो.

या वाद्यातलं सगळ्यात कमी जाहिरात होणारं बटण म्हणजे रेकॉर्डचं. दर महिन्याला तीच एक रचना मी त्यात ठेवतो. वाजवताना आपल्याला प्रगती कळत नाही, कारण कानही हातांबरोबर सुधारतो आणि चुका जास्तच टोचायला लागतात. जुनं रेकॉर्डिंग ऐकलं की प्रत्येक बारच्या रेषेपाशी घेतलेला तो दम ऐकू येतो, जो आता नाही. कुठल्याही गुणांपेक्षा हा पुरावा मला जास्त पटतो.

मधूनमधून एका शिक्षिकांकडे ऑनलाइन शिकतो. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, “स्वर राहू द्या हो, आधी मनगट बघा तुमचं.” मनगट पट्ट्यांच्या पातळीखाली लोंबत होतं, बैठक उंच केल्यावर हात दुखणं थांबलं. हे कुठलंही अ‍ॅप सांगणार नाही. पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांबद्दलही त्यांना विचारलं. पहिलीपासून आठवीपर्यंत ग्रेड असतात आणि तारीख ठरली की काही जणांचा सराव आपोआप होतो. मला वर्षभर त्याच मोजक्या रचना घासायच्या नव्हत्या. त्यापेक्षा दर आठवड्याला एक नवी, सोपी रचना बघून वाजवतो. त्याने वाचन वाढतं आणि कंटाळा येत नाही.

तक्रारीही आहेत. सोबत आलेलं, स्वर लांबवायचं पेडल म्हणजे चौकोनी बटण; ते पायाखालून सरकत पार भिंतीशी जातं. वजनदार, रबरी तळाचं पेडल वेगळं घ्यावंच लागलं. फुलीच्या आकाराचा स्टँड जोरात वाजवलं की डुलतो. हेडफोन असले तरी पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते, म्हणून खाली जाड चटई हवी. स्पीकरचा खर्ज पोकळ आहे, पण मी ते क्वचितच लावतो.

वाद्य मी पुन्हा हेच घेईन. अ‍ॅपची वर्गणी मात्र संपली की थांबवतोय. तेवढ्यात शिक्षिकांचे आणखी काही तास होतील. अगदी कोरी पाटी असेल तर अ‍ॅप सुरुवातीचे दोन-तीन महिने घ्यायला हरकत नाही, फक्त वर्षाची वर्गणी एकदम भरू नका.