तपकीर गल्लीतला मोबाईलवाला : स्क्रीन फडफडत होती, डिस्प्ले न बदलता 400 रुपयात काम झालं

मी पुण्यात धायरीला राहते, घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, ड्रेस अल्टर असं सगळं, आणि माझं निम्मं दुकान फोनमध्येच आहे म्हटलं तरी चालेल. मापांच्या वहीचे फोटो, गळ्यांची डिझाईनं, कोणाची साडी कधी द्यायची ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यामुळे फोनची स्क्रीन फडफडायला लागली तेव्हा माझी झोपच उडाली. ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, जरा मोठं होईल पण वाचा, कारण मी जवळजवळ 9 हजार रुपये घालवून बसले असते.

सुरुवात झाली ती अशी की रात्री मशीनवर बसलेले असताना एकदम स्क्रीन लुकलुक करायची, स्टार्टर गेलेल्या ट्यूबसारखी, आणि बंद व्हायची ती लुकलुक. मला वाटलं ऑटो ब्राइटनेसमुळे होत असेल, कारण मशीनवर दिवा आहे आणि माझा हात मध्ये आला की फोनवर सावली पडते, सेन्सर वरती पुढच्या कॅमेऱ्याजवळच असतो ना. मग ऑटो ब्राइटनेस बंद केलं. दोन दिवस बरं वाटलं, परत सुरू. आणि मग नुसतं लुकलुकणं नाही, रंग बदलायला लागला. एका ताईंनी साडीचा फोटो पाठवला होता, मोरपिशी, फॉलचा रंग जुळवायचा होता, आणि माझ्यासमोर तो फोटो क्षणात मोरपिशी क्षणात हिरवट असा होत होता, मी रिळाच्या डब्यात हात घालून बसलेय आणि कोणतं रीळ काढू तेच कळेना. शेवटी त्यांना फोन करून साडी घेऊन घरी बोलावलं.

मुलगा बारावीला आहे, त्याने घरच्या घरी जे करून पाहिलं ते सांगते, कारण हे सगळं फुकट आहे आणि दुकानात जायच्या आधी प्रत्येकाने करावंच. पहिलं म्हणजे त्याने फोनचा बॅकअप घेतला, व्हॉट्सअ‍ॅपचा पण, म्हणाला आई उद्या स्क्रीन पूर्ण गेली तर आत काहीच दिसणार नाही, आधी हे करू. हे मला सुचलंच नसतं. मग सेटिंगमध्ये जाऊन 120 हर्ट्झचं 60 हर्ट्झ केलं, कारण काही फोनमध्ये रिफ्रेश रेट (म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवते ते) आपोआप वर-खाली होताना कमी उजेडात झटका दिसतो. फरक नाही. मग सेफ मोड, म्हणजे पॉवरचं बटण दाबल्यावर पॉवर ऑफ असं येतं ना, त्यावरच बोट दाबून धरायचं, मग सेफ मोड विचारतो (बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असंच आहे), त्यात आपण टाकलेली सगळी अ‍ॅप बंद असतात. तरी फडफड चालूच. म्हणजे कुठल्या अ‍ॅपचा दोष नाही.

आणि मग त्याने जे केलं ते मला फार आवडलं, त्याने स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं, स्क्रीन फडफडत असतानाच, आणि ते रेकॉर्डिंग ह्यांच्या फोनवर पाठवलं. तिकडे एकदम स्वच्छ, एकही झटका नाही. म्हणजे फोन आतून चित्र बरोबर तयार करतोय, ते काचेपर्यंत पोचताना गडबड होतेय. नंतर फोन बंद करून चालू केला तर कंपनीचा लोगो येतो तेव्हासुद्धा फडफड, तेव्हा तर अँड्रॉइड पूर्ण सुरू पण झालेलं नसतं. इथे आम्हाला समजलं की हे सॉफ्टवेअरचं काम नाही, रिसेट मारून काही होणार नाही. (रिसेट मारा असं मला चार जणांनी सांगितलं होतं, मारला असता तर माझ्या नोट्स उगाच उडाल्या असत्या.)

मग गेले कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. नाव घेत नाही. टोकन घेतलं, पाऊण तास बसले, काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला, अर्धा मिनिट पाहिला आणि डिस्प्ले चेंज म्हणाला. 8,900 आणि वर जीएसटी. फोन घेतला होता 18 हजारला, अडीच वर्षांपूर्वी, वॉरंटी संपलेली. मी विचारलं नक्की डिस्प्लेच गेलाय का, उघडून बघणार का, तर म्हणे मॅडम फ्लिकर म्हणजे डिस्प्लेच. मी त्या मुलाला दोष देत नाही, त्याला तसंच शिकवलं असेल, पण न उघडता 9 हजार सांगणं मला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढे पैसे लगेच नव्हते पण. घराजवळच्या दुकानात विचारलं तर 3,200 मध्ये कॉम्बो टाकून देतो म्हणाले. कॉम्बो म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र येतं ते, काही लोक त्याला फोल्डर पण म्हणतात. कॉपी आहे का विचारल्यावर गप्प बसले. कॉपी स्क्रीनमध्ये रंग वेगळे दिसतात, मला तर रंगच महत्त्वाचे.

शेवटी ओळखीच्या एका काकांनी तपकीर गल्लीतला हा माणूस सांगितला. स्वारगेटला बस सोडली, तिथून मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई, आणि दगडूशेठच्या बाजूने चालत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुधवार पेठेत आहे, वायरी, लायटिंग, सीसीटीव्ही, चार्जर यांचीच गल्ली. दुकानाचं नाव लिहिलं असतं पण त्याच्या काउंटरला बोर्डच नाही, बाहेर चार्जर-केबलवाल्याचा बोर्ड आहे आणि आतल्या बाजूला याचं टेबल, निळी रबरी मॅट, वर मायक्रोस्कोप आणि एक दिवा. बसायला जागा नाही, उभंच राहावं लागतं, हा एक त्रास आहे. माझ्या आधी तिघं होते.

माझा नंबर आला तेव्हा त्याने पैशाचं काही बोलायच्या आधी तीन-चार प्रश्न विचारले, आणि मी एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय तो त्या प्रश्नांसाठीच. ताई, चार्जिंगला लावल्यावर होतं का एरवी पण? एरवी पण. गाडीवरून आल्यावर जास्त होतं का? आणि मला एकदम आठवलं, हो की, स्कूटीवरून आलं की पर्समधून काढल्या काढल्या जास्त फडफडतो! मग त्याने फोनच्या पाठीवर वरच्या बाजूला अंगठा दाबला आणि फडफड थांबली. सोडला, सुरू. परत दाबला, थांबली. मी दहा दिवस तो फोन वापरत होते आणि हे कधी करून पाहिलं नव्हतं. मग विचारलं, हा फोन आधी कोणी उघडलाय का? तर आठ महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली होती, आमच्या इकडच्याच एका दुकानात. दोन्हीचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

तो म्हणाला, उघडून बघतो, बघायचे 100, डिस्प्लेच गेला असेल तर तसं सांगेन, मग तुमचं तुम्ही ठरवा. मी हो म्हटलं. आणि त्याने मला समोर उभं राहून बघू दिलं, पडद्याआड नेला नाही फोन. आधी फोन स्विच ऑफ, सिमचा ट्रे बाहेर. पाठीमागचं कव्हर गरम करून, सक्शन लावून, प्लॅस्टिकची पातळ पत्ती कडेने फिरवत उघडलं, अजिबात घाई नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू तो मॅटवर ज्या जागेचा त्या जागी ठेवत होता, जणू फोनचा नकाशाच मांडतोय, मी विचारलं तर म्हणाला स्क्रू सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर खाली फोनच्या सर्किट बोर्डला भोक पाडतो. आम्ही कटिंग केल्यावर बाही, पाठ, पट्टी वेगळी ठेवतो तसंच हे, मला बघून बरं वाटलं, हात शिकलेला आहे हे कळतं लगेच. स्क्रू निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन काढलं, मगच बाकीच्याला हात लावला.

मग मला मायक्रोस्कोपला लागलेल्या छोट्या स्क्रीनवर दाखवलं. डिस्प्लेची जी पट्टी बोर्डला येते तिचं टोक बोर्डवर बटणासारखं दाबून बसतं, चिमटीत मावणार नाही इतकं लहान, आणि ते निघू नये म्हणून त्यावर पत्र्याची छोटी प्लेट असते, दोन स्क्रूवर. माझ्या फोनला एकच स्क्रू होता. बॅटरी बदलणाऱ्याने दुसरा लावलाच नव्हता, पडला असेल किंवा विसरला असेल. त्यामुळे ती प्लेट एका बाजूने उचलली गेली, कनेक्टर किंचित सैल झाला, आणि रोजच्या गाडीच्या धक्क्यांनी आणखी सैल. एका कडेला दोन-तीन पिनांवर पांढरट हिरवट डाग पण होते, पावसाळ्यात दमट हवा आत गेली असेल म्हणाला, कारण एकदा उघडलेल्या फोनचं पाठचं सील आधीसारखं राहत नाही.

त्याने ब्रशने अल्कोहोल लावून साफ केलं, वाळू दिलं, कनेक्टर बसवला (टक् असा आवाज आला, तो मलासुद्धा ऐकू आला), प्लेट ठेवली आणि त्याच्या डबीतून शोधून त्याच मापाचा स्क्रू लावला. पाठ चिकटवायच्या आधी फोन चालू करून माझ्याच हातात दिला, हलवा, दाबा, ब्राइटनेस खालीवर करा म्हणाला. मी तोच मोरपिशी साडीचा फोटो उघडला. मोरपिशीच होता, हलवला तरी मोरपिशीच. मग गम लावून, क्लिपा लावून तास-दीड तास ठेवला, आणि रात्रभर कव्हर घालू नका, वर काही जड ठेवू नका असं सांगितलं. सगळे मिळून 400, त्यात ते 100 धरून. यूपीआय चालतं. बिल मात्र मागावं लागलं, मागितल्यावर साध्या पावतीवर लिहून दिलं. महिन्याभरात परत झालं तर पैसे घेणार नाही हे पण त्यावर लिहून घेतलं मी.

एकूण साडेतीन तास गेले, ते धरून चला. गणपती-दिवाळीच्या आधी तर जाऊच नका, त्या गल्लीत लायटिंगच्या खरेदीला पाय ठेवायला जागा नसते. आणि फोन अजून वॉरंटीत असेल तर आधी कंपनीतच जा, बाहेर उघडला की वॉरंटी गेली. पाण्याचं पण त्याने स्पष्ट सांगितलं, आता हा फोन पावसात बाहेर काढायचा नाही, कंपनीच्या सीलसारखं सील माझ्याकडून होणार नाही. हे न विचारता सांगितलं हे मला आवडलं.

आता चार महिने झाले. ती फडफड परत आली नाही. पण मध्ये एकदा मी घाबरून परत गेले होते, कारण रात्री अंधारात ब्राइटनेस अगदी कमी केला की डोळ्यांना काहीतरी थरथर जाणवायची आणि ह्यांच्या फोनचा कॅमेरा माझ्या स्क्रीनवर धरला तर काळे पट्टे सरकताना दिसायचे. त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाचा चांगला चालणारा फोन घेऊन तसंच करून दाखवलं, त्यात पण पट्टे. म्हणाला ही अमोलेडची (हा स्क्रीनचा एक प्रकार) पद्धत आहे, बहुतेक अमोलेड स्क्रीन कमी उजेड दाखवायला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात, डोळ्याला सहसा कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि काहींच्या डोळ्यांना पण कळतं, डोकं दुखतं. त्यावर उपाय काय तर ब्राइटनेस अगदी तळाला न्यायचा नाही, निम्म्याच्या आसपास ठेवायचा आणि सेटिंगमध्ये एक्स्ट्रा डिम (स्क्रीन आणखी मंद करणारं) असेल तर ते चालू करायचं. तसं केल्यापासून मला रात्री त्रास नाही. या वेळी एक पैसा घेतला नाही.

त्याच दिवशी माझ्यासमोर एक रिक्षावाले दादा आले होते, त्यांची स्क्रीन फक्त रिक्षात चार्जिंगला लावल्यावर थरथरायची आणि टच आपोआप चालायचा. याने फोन उघडलाच नाही, आपल्या चांगल्या चार्जरवर लावला, दहा मिनिटं ठेवला, काही झालं नाही, म्हणाला फोन बरा आहे, तो शंभर रुपयाचा चार्जर टाका. हे पण लक्षात ठेवा, चार्जिंगलाच होत असेल तर आधी चार्जर आणि केबल बदलून बघायची. आणि पाठ फुगलेली वाटली, कव्हर नीट बसत नसेल, तर ते वेगळं, तिथे बॅटरी फुगून डिस्प्लेला ढकलत असते, तो फोन दाबून बिबून बघायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही, सरळ दुकानात न्यायचा.

साडेचार स्टार देतेय, अर्धा कापला तो बसायला जागा नाही आणि बिल मागावं लागतं म्हणून. कोणी पैसे घेऊन डिस्प्ले बदलला आणि तरी फडफड राहिली आणि दुकानदार दाद देत नसेल तर 1915 ही सरकारची ग्राहक हेल्पलाइन आहे, पण तिथे बोलायला हातात पावती पाहिजे, म्हणून पावती घ्याच.

गेल्या आठवड्यात जाऊबाईंना घेऊन गेले होते. त्यांच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आलीय, अपडेटनंतर आली म्हणतात. त्याने अंगठा दाबून पाहिला, चालू-बंद करून पाहिला, रेघ हलली नाही. म्हणाला ताई हे पॅनलच गेलंय, मी उघडून तुमचे 100 घेण्यात अर्थ नाही, काही कंपन्यांनी या हिरव्या रेघेसाठी काही मॉडेलना स्क्रीन फुकट बदलून दिलीय, तर आधी कंपनीत विचारा, पडलेला नाही हे सांगा, आणि तिथे नाहीच झालं तर माझ्याकडे या. त्या सोमवारी सर्व्हिस सेंटरला जाऊन फोन दाखवून आल्या, दोन दिवसांत कळवतो म्हणालेत. कळलं की इथेच खाली लिहीन.