पुष्पप्रदर्शनातली रोपं पावसाळा काढतात का? जानेवारी ते ऑक्टोबरचा अनुभव

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास पुष्पप्रदर्शन भरतं. बोन्साय, इकेबाना (जपानी पुष्परचना), मुलांची चित्रकला स्पर्धा, सगळं बघण्यासारखं असतंच. पण इथे लिहितोय ते स्टॉलवरून घरी येणाऱ्या रोपांबद्दल. फुललेली कुंडी उचलून आणायची आणि मे महिन्यात काड्या फेकायच्या, हे पुण्यातल्या निम्म्या गच्च्यांवर चालतं. दोष उन्हाला दिला जातो. बहुतेक वेळा खरं कारण पिशवीतल्या गड्ड्यात, म्हणजे मुळांभोवतीच्या गोळ्यात असतं.

हल्ली बरीच रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेडनेटखाली (सावलीची जाळी), ठिबकमधून रोज पातळ खत देऊन वाढवलेली असतात. कोकोपीटला स्वतःचं पोषण जवळपास नाही. आपण तो गड्डा तसाच उचलून मातीच्या कुंडीत ठेवतो. मुळं सगळी गड्ड्यात, तो आधी वाळतो, आक्रसतो, आणि घातलेलं पाणी बाजूच्या मातीतून सरळ खाली जातं. वरची माती ओली, झाड मात्र मलूल. मग आणखी पाणी घातलं जातं, बाहेरची माती चिखल होते आणि नवी मुळं तिथे शिरायलाच तयार होत नाहीत. खात्री करायची असेल तर बांबूची काडी खोडाला लागून गड्ड्यात खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. कोरडी आली तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा. वरून झारीने भागत नाही.

लाल चिकणमातीचा गोळा असेल तर उलटी तऱ्हा. उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक होतो, जुलैत आठवडाभर ओला राहून मुळं कुजवतो.

उपाय दोन्हींवर एकच. रोप आणल्यावर आठवडाभर सावलीत राहू द्या. मग पिशवी कापून गड्डा पाण्यात भिजवा आणि बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग बोटांनी सैल करा. तळाशी गोल फिरलेली मुळं कापा. कुंडी आधीच्या पिशवीपेक्षा दोन-तीन इंचच मोठी. माती ४ भाग, चाळलेलं कंपोस्ट ३, कोकोपीट २, जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) १. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पहिले दोन आठवडे दुसरं खत नाही. बोगनवेल याला अपवाद: तिची मुळं विस्कटू नका, पिशवी कापून गड्डा अख्खा बसवा. आल्या आल्या पानं गाळते, ते तहान समजून पाणी वाढवू नका.

पेटुनिया, पॅन्सी, डायंथस ही हंगामीच रोपं. पॅन्सी मार्चमध्ये संपते, पेटुनिया अर्ध्यावर कापून खत दिलं तर एप्रिलपर्यंत ओढते, डायंथस त्याहून थोडा चिवट. ही मेली म्हणून हळहळायचं कारण नाही. फक्त पूर्ण फुललेली न घेता कळ्यांची घ्या, महिनाभर जास्त पदरात पडतं. अँथुरियम मात्र उघड्या गच्चीसाठी नाहीच. एप्रिलच्या थेट उन्हात पानं करपतात, ७५ टक्क्यांची शेडनेट असेल तरच पैसे घाला.

गुलाब घेताना फुलाआधी खोड बघा. डोळा भरलेली, म्हणजे कलम केलेली गाठ मातीच्या वर दिसली पाहिजे आणि तिच्या वर किमान दोन जाड फांद्या हव्यात. गाठीखालून येणारी फूट खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या गुलाबाची. ती कापायची नाही, बुडातून ओढून काढायची. एका देठावर सात पानं असलेली फांदी म्हणजे रानटी, हा ठोकताळा खोटा आहे. ती निघाली कुठून ते बघा. एप्रिल-मेमध्ये लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) येतो: पानावर फिकट टिपके, खालच्या बाजूला बारीक जाळी. दोन दिवसाआड सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की औषधाची गरज सहसा पडत नाही. पावसात काळे ठिपके पडतातच. गळालेली पानं कुंडीत ठेवू नका. फांदी टोकाकडून काळी पडत आली तर हिरव्या भागात इंचभर खाली जाऊन कापा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. मोठी छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर. चार-पाच निरोगी फांद्या ठेवायच्या, दीड फुटाच्या आसपास, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त मरतं ते अडेनियम (फुगीर बुडख्याचं ‘डेझर्ट रोझ’). जूनआधी त्याला निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा असलेलं मिश्रण द्या, मुळं कापल्यावर दोन-तीन दिवस उघडी वाळवून मगच लावा, आणि पहिल्या पावसाआधी छपराखाली न्या. बुडखा दाबून पाहत जा. मऊ लागला तर त्याच दिवशी उपटून कुजका भाग पांढरा गर लागेपर्यंत कापायचा. उद्यावर टाकलं की गेलं. बाकी कुंड्यांखालच्या बशा जूनमध्ये काढून टाका आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर चढवा.

माझ्या मते पैसे सगळ्यात जास्त वसूल करते ती शेवंती, आणि फुलं वाळली की तीच आधी फेकली जाते. फुलं संपल्यावर मातीपासून चार इंचावर कापा. बुडातून फुटवे येतात, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळांसकट वेगळे करा, उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जगवा, जूनमध्ये मोठ्या कुंडीत हलवा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंडे दोनदा खुडा. एवढं करूनही झाड हिरवंगार आणि कळी नाही, तर रस्त्यावरचा दिवा तपासा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. गच्चीच्या कोपऱ्यावर रात्रभर एलईडीचा झोत पडत असेल तर सप्टेंबरपासून कुंडी टाकीच्या आड सरकवा, आणि कळ्यांना रंग दिसू लागला की हवी तिथे ठेवा.