टाकी दोन फुटांची, पिल्लू नखाएवढं

ज्यांना टॅरंटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं, पिल्लू पाळायचंय, त्यांनी दुकानदाराच्या हातात पैसे टेकवण्याआधी हे वाचावं.

आम्ही लातूरचे. धाकट्या भावानं पैसे साठवून छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून मेक्सिकन रेड नी जातीचं पिल्लू घेतलं. मी सोबत होतो. पिल्लू पाय पसरून जेमतेम 1 सेंटीमीटर, करंगळीच्या नखाएवढं. आणि त्याच्यासाठी दुकानदारानं गळ्यात मारली ती 2 फूट लांब, दीड फूट उंच काचेची टाकी. वर तापवायचा दिवा, पाण्याच्या वाटीत स्पंज, खायला पूर्ण वाढलेले रातकिडे. सगळा मिळून ‘सेट’ साडेआठ हजारांचा. त्यात पिल्लाचे बाराशे, बाकी सगळा पैसा काचेचा आणि सामानाचा.

“दादा, आत्ता लहान डबी घेतली तर सहा महिन्यांनी पुन्हा खर्च. एकदाच मोठं घर द्या. मोठ्या घरात जीव लवकर वाढतो, दिवाळीपर्यंत तळहाताएवढा होतो का नाही बघा.”

दुकानदार हे बोलत होता तेव्हा त्याच्या पाठीमागच्या फळीवर त्याची विक्रीची पिल्लं ओळीनं मांडलेली होती, आणि एकूण एक पिल्लू चिमुकल्या डबीत होतं. हॉटेलवाले पार्सलसोबत चटणी देतात तसली झाकणाची डबी, झाकणाला सुईनं पाडलेली भोकं, आत अर्ध्याहून जास्त ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पिल्लाला काय लागतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ह्याला मी अडाणीपणा म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

मोठी टाकी विकण्यात त्याचे दोन फायदे. पैसा तर आहेच. शिवाय एवढ्या जागेत पिल्लू एकदा मातीत शिरलं की ते खातंय का उपाशी आहे, कात टाकतंय का मेलंय, काही कळत नाही. कळेपर्यंत इतके दिवस जातात की “तुम्हीच पाणी कमी घातलं असेल” म्हणायला तो मोकळा.

आमच्याकडे तेच झालं. एप्रिलचं लातूर, पारा चाळिशीला टेकलेला, त्यात डोक्यावर दिवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात असल्या दिव्याची काडीची गरज नसते. कोकोपीटची वरून भुकटी झाली. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी भराभर उडतं. रातकिडे पिल्लाहून मोठे, ते टाकीभर हिंडायचे. ह्या वयात पिल्लाला मारलेल्या रातकिड्याची तंगडी पुरते. जिवंत मोठा किडा उलट कात टाकताना मऊ पडलेल्या पिल्लालाच कुरतडतो. शेवटी भावानं टाकी वर्तमानपत्रावर रिकामी केली, चमच्यानं माती चाळली. कोपऱ्यात ते सापडलं. आठही पाय पोटाखाली आवळलेले, अंग सुकून काळं पडलेलं. भाऊ त्या रात्री जेवला नाही.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “दुसरं देतो, अर्ध्या किमतीत. टाकी तर आहेच तुमच्याकडे.”

आता मापाचं. पिल्लाच्या एका बाजूच्या पुढच्या पायाच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंतचं अंतर धरायचं. जमिनीवर राहणाऱ्या जातींना डब्याची लांबी साधारण त्याच्या तिप्पट, रुंदी दुप्पट लागते. मातीच्या वरची मोकळी उंची दीडपटीच्या आसपासच ठेवायची. उंची फार महत्त्वाची आहे, कारण हा कोळी जड पोटाचा. काचेवर चढून वरून पडला तर पोट फुटून मरतो. टाकी उंच असेल तर माती जास्त भरावी लागते, हे कुणी दुकानदार सांगत नाही. झाडावर राहणाऱ्या जातींचं उलटं, त्यांना उभा डबा लागतो. 1 सेंटीमीटरच्या पिल्लाला ती चटणीची डबी भरपूर झाली. थोडी मोठी झाली तरी बिघडत नाही, फक्त पिल्लू आणि त्याचं खाणं नजरेत राहिलं पाहिजे. भोकं त्याच्या अंगापेक्षा बारीक हवीत. डबी अपुरी पडायला लागली की पुढची.

आणि मोठ्या घरात जीव लवकर वाढतो, हे धादांत खोटं. कोळी कात टाकूनच वाढतो. ते खाण्यावर आणि उबेवर अवलंबून असतं, काचेच्या लांबीवर नाही. रेड नी तर मुळात सावकाश वाढणारी जात, पूर्ण मोठी व्हायला कैक वर्षं घेते. दिवाळीपर्यंत तळहाताएवढं होणं शक्यच नव्हतं.

कागदाचंही सांगतो. ही जात साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, त्यानंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. आम्ही कागद मागितले तेव्हा “कुरिअरनं येतील” म्हणाला. ते आजवर आलेले नाहीत. बिल घरी येऊन नीट वाचलं तर त्यावर फक्त ‘काचेची टाकी व साहित्य’. पिल्लाचा उल्लेखच नाही. कागद हातात पडल्याशिवाय आणि बिलावर जातीचं नाव, पिल्लाचं माप लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर आम्ही तक्रार नोंदवलीय. टाकी, दिवा, बिल, त्याचे मेसेज, सगळं जपून ठेवलंय. तुम्हालाही कुणी असाच सेट विकला असेल तर बिल फाडू नका, तक्रार करा.